अळणी भात

१

अण्णांना भरवायला पाऊण तास लागतो. भात मऊ शिजवायचा, बिनमिठाच्या वरणात कालवून मिक्सरमधून काढायचा, चमचा अर्धाच भरायचा आणि उजव्या बाजूने तोंडात द्यायचा. डावी बाजू अर्धांगवायूने ओघळलेली आहे. मग हनुवटी खाली टेकवायची आणि गळ्याकडे बघत बसायचं. गळ्याचं हाड वर जाऊन खाली आलं की घास गेला. नाही आलं तर बसायचं. मध्येच कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, चमचा हलतो आणि सगळं अण्णांच्या बनियनवर सांडतं.

"तू दचकतीस म्हणून ते दचकतात बघ," आई म्हणते.

"ते कुठे दचकतात, आई. ते काहीच करत नाहीत."

हे खरं होतं. झटका येऊन गेल्यापासून अण्णा काहीच करत नव्हते. गुंडुराव म्हटलं की नजरबादच्या आमच्या गल्लीत लोक हसायचे, कारण अण्णा कुणालाही थांबवून तासभर बोलत. आता ते छताकडे बघत पडून असत. मी वडिलांसाठी पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते. तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते, आणि आता ते तीन महिने कुणी मोजतही नव्हतं.

गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला सुमा यायची. थेरपिस्ट, माझ्याच वयाची, टापटीप. ती अण्णांच्या दंडाला मापाची टेप लावून बघायची आणि ओठ आवळायची. एकदा जाताना दारात म्हणाली, "प्रार्थना, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मनाची तयारी ठेव."

आईने ते आतून ऐकलं. माझ्या गोदावरीआत्याला नळी घातली होती. ती शेवटपर्यंत निघाली नाही, आणि आत्या शेवटी ती नळी ओढून ओढून गेली. "नळी नको," आई त्या दिवशी दर थोड्या वेळाने म्हणत राहिली, माझ्याकडे न बघता, तांदूळ निवडताना, दिवा लावताना. "नळी तेवढी नको."

सुमाने आणखी एक सांगितलं होतं. त्यांच्या नजरेसमोर काहीतरी हलतं असू द्या. मला वाटलं, पलंग खिडकीशी सरकवावा. पण मी हे बंगळुरूला दादाला फोनवर सांगितलं, आणि दादाच्या घरी समुद्रातल्या माशांची टाकी आहे.

२

टाकी, मिठाच्या पिशव्या, पंप, हीटर, सगळं कुरिअरने आलं. दादा स्वतः आला नाही. श्रीवत्स, म्हणजे दादा, नेहमी वस्तू पाठवतो. झटक्यानंतर त्याने चाकांची खुर्ची पाठवली, ती आमच्या बाथरूमच्या दारातून जात नाही.

"गोड्या पाण्याचे मासे चालले असते की रे," मी म्हटलं.

"समुद्राचे रंग बघितलेस तर तसं म्हणणार नाहीस. अण्णांना आवडेल. तू फक्त पवनकुमारला फोन कर, तो सगळं करून देईल."

पवनकुमारचं दुकान येलवालला, हुणसूर रस्त्यावर. तो आला, पण सगळं करून दिलं नाही. मीठ मी विरघळवलं. फिल्टरच्या पाण्याच्या बादल्या मी उचलल्या, खारटपणा मोजायच्या नळीत डोळा लावून मीच बघितलं. त्याने पांढरी वाळू पसरली आणि दगड रचले. अण्णांच्या पलंगावरून उघड्या दारातून दिसेल असं, हॉलमधल्या भक्कम टेबलावर. दोन मोठे दगड एकमेकांवर रेलून ठेवले, मध्ये अंधारी पोकळी राहिली.

"माशांना लपायला," तो कन्नडात म्हणाला.

"यात किडे वगैरे नसतील ना?" मी विचारलं. मला किड्यांची भीती वाटते.

"नोडी, बघा मेडम, हा माणसांनी केलेला दगड. भट्टीतून निघालेला. यात जीव नाही."

मग त्याने नेम सांगितला. काही आठवडे मासे सोडायचे नाहीत. टाकी रिकामीच ठेवायची, पण मासे असल्यासारखं रोज थोडं खाणं घालायचं. ते सडतं, पाण्यात अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. पाणी आधी बिघडायला हवं, मग ते सुधारतं. "कोळंबीचा तुकडा टाका," तो म्हणाला. "बेस्ट."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कसला तुकडा?"

मी सांगितलं.

"या घरात?" एवढंच म्हणून आई आत गेली. विषय संपला. पवनकुमार चपला घालताना हसू दाबत होता.

रात्रीपर्यंत आईने स्वतःच तोड काढली. अण्णा आयुष्यभर जेवणाआधी चित्राहुती घालत. ताटाच्या उजव्या बाजूला भाताची चार शितं, भोवती पाणी, मग पहिला घास. आता ते हात उचलत नाहीत, म्हणून मी त्यांची बोटं भातात बुडवून ती शितं पाटावर टेकवते. आईचा आग्रह. पूर्वी ती शितं खिडकीत ठेवली की कावळा न्यायचा. कबुतरांचा वैताग म्हणून अण्णांनीच मागे सगळ्या खिडक्यांना जाळी मारून घेतली, तेव्हापासून कावळा येत नाही. ती शितं कचऱ्यात टाकायला आईचा जीव होत नाही.

"सडायचंच आहे ना, अल्वा? मग भात सडत नाही की काय? ती शितं टाक त्यात."

मी बी.एस्सी. आहे. भात सडतो, हे मला माहीत होतं. मी दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या बाजूची शितं टाकीत टाकू लागले.

३

पाणी बिघडलं नाही.

परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. हिरवं झालं तर अमोनिया, पिवळं राहिलं तर काही नाही. आमचं पिवळंच राहायचं, रोज, लिंबाच्या सरबतासारखं. आणि भात दिसायचा नाही. दुपारी टाकलेली शितं संध्याकाळी वाळूवर नसायची.

पंपाने ओढली असतील, असं मी ठरवलं. पंप उघडून धुतला, आत एक शीत नव्हतं. विरघळली असतील. पण शिजलेलं शीत पाण्यात फुगतं, त्याचा लगदा होतो, ते असं नाहीसं होत नाही. मी दादाला विचारलं.

"जिवाणू फास्ट आहेत तुझे. लकी आहेस."

"दादा, जिवाणू एका दुपारी भात खात नाहीत."

"प्रार्थू, तू ना, चांगलं झालं तरी घाबरतीस."

पवनकुमारला विचारलं. गोगलगाय असेल, तो म्हणाला, आणि मग स्वतःलाच आठवून म्हणाला, पण गोगलगाय आलीच कुठून.

एका दुपारी मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. आई शेजारी कमलाक्षीकाकूंकडे गेली होती. घरात पंपाची बारीक घरघर, बाकी काही नाही. शितं वाळूवर पडली होती, काचेच्या अगदी जवळ, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. डोळे जड झाले. मला वाटतं मी झोपले नाही. खाली रस्त्यावर रिक्षाचा भोंगा वाजला, मी दचकून खिडकीकडे पाहिलं, आणि परत पाहिलं तर वाळूत फक्त एक खळगा होता. बोटाने लोणी काढल्यावर उरतो तसा.

त्याच वेळी अण्णांच्या खोलीतून आवाज आला. गुटुक.

मी उठून दाराशी गेले. अण्णा छताकडे बघत होते. गळ्याचं हाड खाली येऊन थांबत होतं. मी त्यांचं तोंड उघडून बघितलं, तोंड रिकामं होतं. लाळ गिळली असेल. सुमाला सांगितलं तेव्हा ती खूष झाली, आपणहून लाळ गिळणं हे फार चांगलं लक्षण आहे म्हणाली. मीही खूष व्हायचं ठरवलं.

४

टाकीच्या कडेला मीठ चढतं. बुडबुडे फुटतात, शिंतोडे उडतात, पाणी वाळतं आणि पांढरी खपली राहते. ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा चढते. पवनकुमारने हे आधीच सांगितलं होतं, म्हणून काचेवरच्या, टेबलावरच्या, भिंतीवरच्या मिठाची मला भीती वाटली नाही. कंटाळा आला. आधीच एवढं पुसायचं असतं या घरात.

मग एका सकाळी अण्णांचं तोंड पुसताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यात पांढरी खपली दिसली. भाताची पेज वाळली असेल म्हणून मी नखाने काढली. ती खरखरीत होती. मी ती जिभेला लावून बघितली. का लावली, सांगता येणार नाही. आपण लहानपणी जखमेची खपली चाखून बघतो, तसं.

खारट. नुसतं खारट नाही, त्यात एक कडवट चव होती. तीच, बादलीत मीठ ढवळताना तोंडावर उडालेल्या पाण्याची.

अण्णांचा रक्तदाब वाढलेला, झटक्यापासून त्यांच्या तोंडात मिठाचा कण गेला नव्हता. आईने मिठाची बरणीसुद्धा वरच्या फळीवर ठेवली होती.

"घाम असेल," आई म्हणाली.

"घाम ओठांच्या आतून येतो का?"

"मग तूच टाकीचे हात धुतले नसशील. बिडु, सोड, पोरी. किती शोधत बसतीस."

मी हात धुतले होते. मी हात फार धुते. पण आईच्या डोळ्यांखाली इतकं काळं झालं होतं की मी पुढे बोलले नाही.

त्या दिवसापासून मी टाकीत भात टाकणं बंद केलं. शितं वाटीत झाकून ठेवायची आणि आईचं लक्ष नसताना खालच्या कुंडीत पुरायची.

५

अण्णांनी गिळणं सोडलं.

आधी घास गालात राहू लागला. मग बाहेर येऊ लागला. मी हनुवटी टेकवायची, गळा चोळायची, सुमाने दाखवल्याप्रमाणे थंड चमचा जिभेला लावायची. हाड जागचं हलायचं नाही. अण्णा माझ्याकडे बघायचेही नाहीत, आणि त्यांचं पोट आत जात जात बरगड्यांखाली दिसेनासं झालं. सुमाने टेप गुंडाळून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, पुढच्या वेळी येताना मी डॉक्टरांशी बोलूनच येईन.

आई देवघरात जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर आई अण्णांना भरवत होती. वाटी जवळजवळ रिकामी. मी दारात उभी राहून बघितलं: घास, गुटुक. घास, गुटुक. अण्णांचं तोंड पुढच्या घासासाठी आपणहून उघडत होतं.

"काय केलंस तू?"

"काय करायचं? सुम्ने, नुसतं भरवते आहे."

"आई. आज वेगळं काय केलंस?"

आईने चमचा वाटीत फिरवला. "ती शितं तू झाकून ठेवलेली. तशीच पडलेली बरी नव्हेत, म्हणून टाकीत टाकून आले. अष्टे, एवढंच. वेगळं काय करायचं?"

मी हॉलमध्ये पाहिलं. वाळू सपाट होती, पाणी स्वच्छ. दगडांमधली पोकळी जिथे होती तिथेच होती.

योगायोग तपासायचा तर पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं, एवढं मी शिकले आहे. मी करून बघितलं. शितं टाकली की अण्णा जेवायचे. नाही टाकली की नाही. मूठभर भात टाकला, तर चमच्यानेसुद्धा भरवावं लागलं नाही. मी रिकामी वाटी घेऊन पलंगाशी नुसती बसले होते आणि त्यांचं हाड वरखाली होत होतं. तोंडात काही नसताना. भात संपेपर्यंत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दादा म्हणाला असता झोप घे. आणि खरंच, अण्णांच्या गालांवर रंग येत होता.

६

दादाला पिवळ्या परीक्षानळीचा फोटो हवा होता, मी पाठवला. त्यावर तो म्हणाला, टाकी तयार आहे, आणि पवनकुमार दोन मासे घेऊन आला. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. पाण्याने फुगलेली पिशवी त्याने आधी टाकीत तरंगत ठेवली, मग हळूहळू टाकीचं पाणी तिच्यात घातलं, मग मासे सोडले.

"आता दगडात घर करतील बघा," तो म्हणाला.

मासे दगडाकडे गेले नाहीत. दोघेही सरळ पुढच्या कोपऱ्यात आले आणि काचेला तोंड लावून राहिले, दगडाकडे शेपूट करून. आम्ही अण्णांना उशा लावून बसवलं. "बघा हो, केवढे गोड आहेत," आई म्हणाली. अण्णांनी मान वळवली. झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. आई रडू लागली. पवनकुमारने दादाला व्हिडिओ कॉल लावला, दादाही रडला.

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. ते उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांची दुपारची झोप होईपर्यंत एक मासा नाहीसा झाला. हे मासे कधीकधी उडी मारतात, म्हणून मी टेबलाखाली पाहिलं, मागे पाहिलं, केरसुणीने कपाटाखालून ओढून पाहिलं. दुसरा कोपऱ्यात तसाच होता, काचेला इतका चिकटलेला की त्याचं तोंड चपटं दिसत होतं.

मग मी अण्णांचं तोंड पुसायला गेले. बोटाला ओली पट्टी गुंडाळून आतून जीभ पुसायची असते. पट्टीला काहीतरी चिकटून आलं. नखाच्या कोरीएवढं, पातळ, उजेडात धरलं तर नारिंगी.

"आई, हे काय आहे?"

आईने चष्मा लावून पाहिलं. फार वेळ पाहिलं. "गाजर," ती म्हणाली.

"गाजर आणलेलंच नाही आपण या आठवड्यात."

"गाजरच आहे," आई म्हणाली आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन धुवायला गेली. जन्मात लसूण न खाल्लेल्या माणसाची जीभ मी पुन्हा पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि ते माझ्याकडे शांतपणे बघत होते. आता ते बघू लागले होते.

दुसरा मासा मी जाताना पाहिला नाही. मी स्वयंपाकघरात तोंड भिंतीकडे करून उभी होते आणि तरी मला आवाज आला.

सुमा आली. दंडाला टेप लावली, पुन्हा लावली. "नळीचं मी कॅन्सल करते," ती म्हणाली. "अंकल, व्हेरी गुड. प्रार्थना, एवढं काय भरवतेस गं यांना?"

"भात," मी म्हटलं.

७

तरीही मी टाकी रिकामी करायचं ठरवलं. धीर आला म्हणून नव्हे, धीर मला कधीच नव्हता. त्या दिवशी अण्णा बोलले म्हणून. पहिला शब्द, इतक्या महिन्यांनी. आई देवळात जायला निघाली होती, तिला ऐकू गेला नाही. मी त्यांची उशी सारखी करत होते. ते माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "भूक."

आवाज त्यांचा होता, आणि ओला होता.

आई गेल्यावर मी नळीचं एक टोक टाकीत टाकलं, दुसरं बादलीत सोडलं आणि तोंडाने ओढून पाणी सुरू केलं. भर दुपार होती. ऊन हॉलच्या फरशीवर जाळीचे चौकोन पाडत होतं. पाणी उतरू लागलं. दगडाचं टोक वर आलं, कोरडं पडून पांढुरकं दिसू लागलं. भट्टीतून निघालेला दगड. यात जीव नाही.

अण्णांच्या खोलीतून घरघर ऐकू आली.

आधी मला तो पंपच वाटला, कारण पाणी कमी झालं की पंप असा वाजतो. मी पंपाचं बटण बंद केलं. घरघर थांबली नाही. मी दारातून पाहिलं. अण्णांची छाती उचलून उचलून पडत होती, ओठ जांभळे होत होते, डावा हात, जो हलत नाही, तो चादरीवर काहीतरी शोधत होता. मी धावत त्यांच्याकडे निघाले आणि टाकीजवळून जाताना थांबले, कारण पाण्याची पातळी आता त्या दोन दगडांच्या मधोमध आली होती आणि ऊन प्रथमच आत पोकळीत पडलं होतं.

आत काहीतरी उघडत होतं आणि मिटत होतं. उजवा कोपरा पूर्ण उघडायचा. डावा ओघळलेला राहायचा.

मी एवढंच पाहिलं. त्याच्या मागे आणखी काही होतं की नव्हतं, ते मी पाहिलं नाही, पाहायला वाकले नाही. घरघर माझ्या पाठीमागून येत होती आणि तिच्या प्रत्येक ओढीला ते समोर उघडत होतं, आणि मला कळत होतं की मी आणखी थोडा वेळ नुसती उभी राहिले तर दोन्ही थांबेल. नळी नाही, सुमा नाही, मिक्सर नाही. पुण्याची गाडी. हा विचार माझाच होता. तो मला त्या उघडमीट करणाऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर वाटला, आणि त्याहूनही जास्त, त्यात फार विश्रांती होती.

"अण्णा," मी म्हटलं. कुणाकडे बघून म्हटलं, माहीत नाही.

मग मी बादली उचलली आणि पाणी परत ओतलं. हळूहळू ओतायचं असतं, वाळू उडते. वाळू उडाली, सगळं दुधासारखं झालं, आत काही दिसेना. मागची घरघर सैल होत होत गेली, नेहमीच्या श्वासाइतकी झाली. मी खुर्ची ओढून बसले. टेबलावर दुपारचा भात झाकलेला होता, मऊ, अळणी, अजून कोमट. मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, चार बोटांवर घास घेतला आणि त्या गढूळ पाण्यात हात घातला, दगडांच्या मध्ये, जिथे पाणी बाकीच्या पाण्यापेक्षा ऊन होतं.

बोटांवर काहीतरी मऊ मिटलं. आतल्या खोलीत गुटुक झालं.

दार वाजलं. आई चपला काढत होती, प्रसादाच्या पिशवीची खसखस ऐकू येत होती.

"अण्णांना भरवलंस का गं?"

"भरवतेय," मी म्हटलं, आणि पुढचा घास घ्यायला बोटं हळूच सोडवून घेतली.